कानबाईच्या उजेडासाठी

ऐन कानबाई देवीच्या सणाला वीज रुसली! पिंपळनेरपलीकडच्या डोंगरातल्या त्या वाडीला १९८८च्या श्रावणात सरकारी तारा पोचल्या नव्हत्या. भुसावळच्या लीलाधर फिटरनं सासुरवाडीसाठी स्वतः वीजघर उभारलं होतं. ओढ्यावर चिमुकला बंधारा, तिथून पाइप थेट खाली. पाण्याच्या मारानं टर्बाइनचं चाक गरगरे, चाकाबरोबर जनित्र फिरे आणि वीज गावात जाई.

"सांजेला कानबाईपुढे शंभराचा बल्ब लावतो," असं त्यानं साऱ्या भाऊबंदांसमोर सासूबाईंना सांगून ठेवलेलं. आणि आता चाक ढिम्म! जावयाची अब्रू टांगणीला लागली.

"मशीन ठणठणीत आहे," लीलाधर म्हणाला. "वरून पाणीच येत नाही. चला बंधाऱ्यावर!"

मेहुणा वना दोर घेऊन निघाला. सासूबाई यशोदाबाईंनीही पदर खोचला. "मी बी येस, जावईबापू. डोंगर मना पायखालना शे!"

पाऊस झोडपत होता. शेवाळलेल्या कातळावर वनाचा पाय सटकला. लीलाधरनं त्याचं मनगट पकडलं म्हणून बरं! सासूबाई मात्र दोघांच्या पुढे, तोंडानं कानबाईची गाणी चालूच.

बंधारा आला. पाइपाच्या तोंडावरची जाळी पाण्याखाली होती. कमरेला दोर बांधून लीलाधरनं उडी टाकली. घाईत पाइपाचं तोंड झाकणारी फळी खाली पाडायची राहिली! जाळीवर काहीतरी मऊ, जाड चिकटलेलं. त्यानं हात घातला आणि पाइपाकडे ओढ घेणाऱ्या पाण्यानं तो हात तिथंच दाबून धरला. सुटेना! पावसानं फुगणारं पाणी छातीवरून गळ्याशी आलं.

"फळी पाडा! पाइप बंद करा!"

वनानं दोर ताणला. यशोदाबाईंनी सारं अंग टाकून फळी खाली रेटली. ओढ थांबली. हात सुटला! हातासोबत वर आलं हिरवंगार नवंकोरं लुगडं.

यशोदाबाईंनी ते हातात घेऊन उलगडलं. "अरे देवा! काल मीच ओढामायनी ओटी भरी, लुगडं पाणीमा सोडी दिधं!"

आणि तिघंही पोट धरधरून हसले. जीव वाचला होता, हसायचं नाही तर काय करायचं?

फळी हळूहळू उचलली. पाइप गुरगुरला. जरा वेळानं खालून पोरांचा कल्ला उठला, "लाइट उनी! लाइट उनी!" ढगाळ सांजेत कानबाईचं घर लख्ख उजळलं होतं. लीलाधरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

यशोदाबाईंनी खालच्या वीजघराकडे बोट दाखवलं. "आते ओटी तठे भरसू, चाक फिरवीसन पाणी बाहेर पडस तठे. ओढामायनं आधी काम करानं, मंग लुगडं लेवानं!"