बत्तीस नंबरचा चॅनल

दुपारी चारचा प्रयोग, आणि ताई दोनलाच मिक्सरसमोर येऊन बसली होती. काम तसं किरकोळ. स्टेजखालचा माइक कायमचा काढून टाकला होता, तेव्हा मिक्सरमधूनही त्याचं नाव पुसायचं. आवाजाच्या धंद्यातली माणसं याला काम म्हणत नाहीत, झाडलोट म्हणतात.

पण झाडलोट मोठी किचकट. नाटकात एक्केचाळीस सीन, आणि डिजिटल मिक्सरला ते सगळे पाठ. बटण दाबलं की त्या सीनपुरता कोणता माइक उघडा, कोणती वायर कोणत्या चॅनलवर, सगळं जागच्या जागी. मात्र एका सीनमध्ये वायर बदलली आणि दुसऱ्यात बदलायची राहिली, तर तो दुसरा सीन लागताच हा शहाणा मुकाट्याने जुनंच पुढे करतो. कुरकुर नाही की इशारा नाही.

हे ताईइतकं कुणाला ठाऊक असणार? सहा महिन्यांपूर्वी तिचा थोरला भाऊ चालू प्रयोगात स्टेजखाली उतरला होता. नटीला वर उचलणाऱ्या लिफ्टपाशी काहीतरी सैल झालं होतं. तिथल्या माइकची वायर ताईने त्याच सकाळी बत्तीस नंबरच्या चॅनलवर आणली होती. अठराव्या सीनपर्यंत आणली, एकोणिसाव्यात आणायची राहून गेली. एकोणिसावा लागला, मॅनेजरने लिफ्ट खाली सोडली, आणि ताईच्या हेडफोनमध्ये नुसती शांतता. दादा ओरडला का, काय ओरडला, कुणालाच कळलं नाही. अपघात, असं सगळे म्हणाले. ताईनेही मान डोलावली. त्या रात्री तिने गुपचूप एकोणिसावा सीन दुरुस्त करून ठेवला. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

आज ती एकेक सीन उघडत होती, बत्तीसपुढे ‘काही नाही’ टाकत होती, जतन करत होती. रिकाम्या नाट्यगृहात खुर्च्यांच्या कापडाचा कोंदट वास भरून राहिला होता. सोळा झाला, सतरा झाला, अठरा झाला.

एकोणिसावा उघडला आणि बत्तीसवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

तिने हेडफोन कानाला लावला. आधी नुसती घरघर. मग कुणीतरी धापा टाकत असल्यासारखा श्वास.

“चिमे...”

या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारायचा.

“चिमे, लिफ्ट थांबव... पाय अडकलाय...”

तिने घाईघाईने विसावा सीन लावला. शांतता. पुन्हा एकोणिसावा लावला. “चिमे, लिफ्ट थांबव...” तेच शब्द, तीच धाप. ती धडपडत स्टेजखाली गेली. ग्रीसचा वास, अंधार, आणि भिंतीवर लोंबणारं वायरीचं कापलेलं टोक. त्याला तिनेच गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच होती.

परत येऊन तिने पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. पण दादाचे शेवटचे शब्द होते हे. एकदा ऐकले नाहीत, आता आपल्याच हाताने पुसून टाकायचे? तिला रडू फुटलं. उरलेले सगळे सीन तिने साफ केले आणि एकोणिसावा तेवढा राहू दिला.

प्रयोग सुरू झाला. नटीला चढवायला लिफ्टवाला खाली गेला. हा नवा माणूस, मोठा गप्पिष्ट, जाता जाता म्हणाला, “ताई, चेहरा का उतरलाय? नाटक तर विनोदी आहे!”

मॅनेजरने इशारा केला आणि लिफ्ट खाली सोडायचं बटण दाबलं. ताईने एकोणिसावा लावला.

“चिमे, लिफ्ट थांबव... पाय अडकलाय...”

दुपारी ऐकलं तेच, असं ती मनाला बजावत होती. आणि तेवढ्यात दुपारी नव्हता असा एक शब्द आला.

“याचा...”

“लिफ्ट थांबवा!” ताई भर प्रयोगात किंचाळली. प्रेक्षक वळून बघू लागले. मॅनेजरने घाबरून बटण सोडलं. लिफ्ट थांबली ती लिफ्टवाल्याच्या डोक्यावर वीतभर.

अडकलेला पाय सोडवून त्याला बाहेर ओढून काढेपर्यंत ताई खाली पोचली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. ऐकलं रे दादा, या वेळी ऐकलं, एवढंच ती पुटपुटत होती. सहा महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं.

लिफ्टवाला भिंतीला टेकून बसला होता.

“तुम्हाला कसं कळलं, ताई?”

“तुझा आवाज आला.” ती खोटं बोलली.

“माझा?” त्याने मान हलवली. “मी ओरडलोच नाही. ओरडणार होतो... पण मागून कुणीतरी तोंड दाबून धरलं होतं.”

त्याने मान वर केली. उजेडात त्याच्या गालावर ग्रीसची चार बोटं स्पष्ट उमटलेली दिसली.

“कानाशी हळूच म्हणत होता... ओरडू नकोस, चिमीला ऐकू जात नाही.” त्याने गाल पुसला. “चिमी कोण हो, ताई?”