सातच्या बातम्या आणि उजवी पाकळी

डिचोलीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात श्रीनाथने गौरवीच्या कोऱ्या साडीवर पातळ भाजी सांडली, आणि दोघांचं सगळं तिथूनच सुरू झालं. त्याच्या हातातली बशी कलंडली आणि निऱ्यांवर हा एवढा पिवळा डाग पडला. गौरवीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगो, माजा चुकला!" एका हातात पाव तसाच धरून तो उभा राहिला.

"आता मी मुलाखतीक जाव कशी?"

"केबलवाल्यांकडे? बातम्या वाचूक?"

"हां..."

"मग भिया नको. टीव्हीवर कमरेखालचा कोणाक दिसता?"

खरं तर तिला राग यायला हवा होता, पण आलं हसू. आणि तासाभराने बघते तर काय, मुलाखतीला तिच्या शेजारच्या खुर्चीत हाच! जागा एक आणि उमेदवार दोन. वाहिनीचे संपादक बाबुराव दोघांचं वाचन ऐकून डोकं खाजवत बसले आणि शेवटी त्यांनी दोघांनाही एकाच मेजाशी बसवलं.

तेव्हापासून रोज सातला सगळ्या तालुक्यात हीच जोडी दिसायची. वरून श्रीनाथ कोट-टायमध्ये रुबाबदार, आणि मेजाखाली मात्र हाफपँट अन् रबरी चपला! गौरवीला रोज हसू दाबावं लागे. तिचा घसा सुकला की तो पाण्याचा पेला हळूच तिच्याकडे सरकवायचा. ती ओळ चुकली की त्याची चप्पल तिच्या पावलाला जराशी लागायची... जराशीच.

बाबुरावांचा एक दंडक होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की एकमेकांकडे बघायचं नाही. "बघशात तर लोकांक वाटतला, आत काय तरी चल्लाहा," ते म्हणायचे. त्यामुळे गौरवी त्याला न बघताच ओळखायला शिकली. त्याने श्वास कसा घेतला यावरून तिला कळायचं, आज स्वारी खुशीत आहे की घरी भांडून आली आहे. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. ते तिला स्वतःला फार लवकर कळलं होतं, त्याला मात्र तिने कधी कळू दिलं नाही.

लोकांनी तर त्यांना केव्हाच नवराबायको ठरवून टाकलं होतं. लग्नाची आमंत्रणं दोघांच्या नावाने एकच येत. शिरगावच्या जत्रेत एका म्हातारीने मोगऱ्याची माळ तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "जोडी अशीच ऱ्हांव दे गो बाये."

म्हातारी पुढे गेल्यावर श्रीनाथ कानापर्यंत लाल झाला. "तिका सांगूया मगे... आमी तशी न्हय म्हणून?"

"तू सांग."

"मी कित्याक? तू सांग."

कोणीच सांगितलं नाही. माळ मात्र गौरवीने सुकून भुगा होईपर्यंत जपली.

मग लोक बातम्या मोबाइलवर बघू लागले. सातची कोणी वाट बघेना, जाहिराती आटल्या आणि एक दिवस बाबुरावांनी चष्मा पुसत सांगून टाकलं, या शुक्रवारचं बातमीपत्र शेवटचं.

त्या शुक्रवारी श्रीनाथ आत आला आणि गौरवी बघतच राहिली. इस्त्रीची फुलपँट, मोजे, नवे चकचकीत बूट!

"आज पँट कित्याक?"

"काम आसा."

"खंय?"

"बातम्या सरल्यार सांगतंय," तो म्हणाला आणि कागद उगाचच नीट करू लागला.

दिवा लागला. पाणीपुरवठा, पंचायतीची सभा, साखळीतला नाट्यप्रयोग... सगळं नेहमीसारखं झालं. निरोपाचं वाक्य गौरवीच्या वाट्याला होतं. "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला आपल्या घरात..." आणि तिचा आवाजच फुटेना. ती बुटाच्या स्पर्शाची वाट बघत राहिली. तो झालाच नाही. श्रीनाथने सरळ मान वळवली आणि दिवा लागलेला असताना, सगळ्या तालुक्यासमोर, तिच्याकडे बघत ते वाक्य पुरं केलं. "...आपल्या घरात जागा दिलीत. नमस्कार."

बाहेर जिन्यावर तिने विचारलं, "आता सांग. काम कसला?"

"तुज्या गावाक येतंय, सर्वणाक. तुज्या घरा." तो अडखळला. "तुज्या बाबांकडे, गोकुळदासकाकांकडे... तुका मागूक."

गौरवीने कठडा घट्ट धरला. "आज? इतकी वर्सां काय करी होतंस रे?"

"आदी विचारला असता आणि तू नको म्हटलंस, तर रोज सातांक तुज्या बाजूक बसतलंय कसो? म्हटला, बातम्या सरूं देत."

हीच भीती तिनेही इतकी वर्षं उराशी धरली होती. तिला रडू आवरेना.

"परवा बाबांनी देवळात प्रसाद लावलो. पेडण्याच्या परेशाच्या स्थळासाठी."

त्याचा चेहरा उतरला. गावातली सोयरीक अशीच ठरते. देवीच्या मूर्तीला डावी-उजवीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पडते याची वाट बघायची. उजवी पडली तर होकार. "खंयची पडली?" त्याने अगदी हळू विचारलं.

"उजवी. बाबांनी देवळातसूनच पेडण्याक शब्द दिलो."

"म्हणजे देवीक मी नको?"

"नाय रे!" ती कळवळून म्हणाली. "तिका जा विचारला, ताचाच उत्तर तिणा दिला. तुजा नाव कोणी घेतलाच नाय. माज्या ओठापर्यंत इला होता... पण तुज्या मनात काय आसा, ता माका खंय म्हायत?"

"आता जावन विचारला तर?"

तिने नुसती मान हलवली. दिलेला कौल पुन्हा विचारत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो तिला बसपर्यंत सोडायला आला. नव्या बुटांवर लाल धूळ बसली होती. ती खिडकीशी बसली, तो खाली उभा राहिला. बस सुटली तशी बाबुरावांच्या दंडकाची इतक्या वर्षांची सवय गौरवीने मोडली आणि वळण येईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.