इस्त्रीचा व्रण

आमच्या शिवणाच्या दुकानात बोलायचं खातं आईकडे आणि गप्प बसायचं मावशीकडे. मावशी मोठी, बिनमुलाबाळांची. कापड टाचताना हाताशी हव्यात म्हणून तिच्या ओठांत कायम टाचण्या. तोंड उघडलं तर सांडतील. त्यामुळे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं काम आईला बिनविरोध मिळालं होतं.

आईचा हुकमी किस्सा इस्त्रीचा. लहानपणी आईनं वायर ओढली, तापलेली इस्त्री तिच्या तोंडावर येणार, तेवढ्यात मावशीनं मध्ये हात घातला. मावशीच्या मनगटावर त्याचा त्रिकोणी व्रण होता. त्यावरून बोट फिरवत मी लहानपणी झोपायचे. पण किस्सा रंगायचा तर हात सांगणारीनंच घातलेला बरा. आईनं तेवढी दुरुस्ती करून घेतली.

"मी मध्ये पडले म्हणून, नाहीतर ही वाचते कसली!"

गिऱ्हाईक हळहळायचं. मावशी टाचण्यांआडून हसायची. घरच्या घरात कोण खरंखोटं करत बसतं?

मग मावशीचा व्रण फिकटला. वय झालं की फिकटतात, अशी मी मनाची समजूत घातली. आई भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालू लागली, तेव्हा मात्र ती समजूत अपुरी पडली. एकदा हात धुताना तिची बाही वर सरकली. मनगटावर त्रिकोण होता. ताजा नव्हे, जुना, जन्मभर वागवल्यासारखा.

"हे काय?"

"मला काय विचारतेस? सकाळी उठले तर होता."

दुसऱ्याच दिवशी मावशी म्हणाली, "ताई, कात्री दे गं."

धाकट्या बहिणीला ताई! आईच्या हातातलं कापड गळालं.

"अगं, ताई तू आहेस."

"चेष्टा पुरे. तू नसतीस तर मी आज असते का?"

आईनं दुकानाचं दार लोटून घेतलं. किस्सा खरा सांगायला बसली. पण "तू हात घातलास" म्हणायला गेली की तोंडून "मी" निघे. पुन्हा. पुन्हा. तिचे डोळे भरून आले.

"पहिल्यांदाच खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं गं माझं?"

तिनं मावशीच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"आता तू सांग. काहीही सांग, पण तुझं सांग. तुझं तुला परत मिळू दे."

मावशी आठवत राहिली. तिच्याकडे तिचं असं उरलं काय होतं? मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"ही झाली त्या दिवशी दवाखान्यात वीज नव्हती. नर्स म्हणाली, पोर रडत का नाही? मी कुशीवर वळले, हिच्या तळपायाला टिचकी मारली..."

सुरेख सांगत होती. टिचकी मला तळपायाला लागली.

आई मान डोलवत ऐकत राहिली.

"आई!" मी ओरडले.

"काय गं?" मावशी म्हणाली.

आईनं गळ्यातली टेप काढली आणि अदबीनं मला विचारलं,

"माप द्यायला आलात ना?"