घोड्यावरचं घोंगडं

महादेवरावांच्या टॉकीजमागं म्युनिसिपालटीची नाली खणताना कुदळीला आधी पत्र्याचा भोंगा लागला आणि मग माणूस.

फौजदार देवीदास पोचले तोवर निम्मी अमरावती तिथं लोटली होती. काळ्या मातीत हाडं, कवटीला एका बाजूनं खोक, आणि हाडांना चिकटलेल्या काळ्या लोकरीच्या चिंध्या. भोंगा कुणी ओळखायचं बाकी नव्हतं. मुक्या सिनेमाच्या काळात, इथं नुसता तंबू होता तेव्हा, नियाज पडद्याशेजारी उभा राहून याच भोंग्यातून गोऱ्यांची चित्रं वऱ्हाडीत सांगायचा. अमेरिकेतला घोडेस्वार त्याच्या तोंडून थेट शेजारच्या वलगावचा होऊन जायचा. एक तप झालं, एका संध्याकाळी खेळ संपला आणि नियाज नाहीसा झाला. नागपूरच्या नाचणारीसोबत पळाला, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. गावाचं तोंड कोण धरणार?

गर्दीतून त्याची बायको रहिमाबी पुढं आली. हातात अजून काचेच्या बांगड्या होत्या. तिनं चिंध्या बोटांनी चाचपल्या.

"थंडी होती त्या दिवशी," ती म्हणाली. "मीच देल्लं होतं हे घोंगडं. साहेब, मी बेवा हावो का टाकलेली, हे मले आजवर कोणी सांगतलं नाई. तुमी सांगा."

देवीदासांनी ताहेरला बोलावलं. ताहेर तंबूत पेटी वाजवायचा. नियाजला शेवटचं त्यानंच पाहिलं होतं, म्हणून इतकी वर्षं गाव त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघत होतं.

"त्या संध्याकाळी काय झालं?"

"शेवटलं रीळ आलंच नाई साहेब. चित्र नवं कोरं. अकोल्याच्या तंबूत दुपारी खेळ झाला का रिळांचे डबे गाडीनं इकडं यायचे. शेवटला डबा मालक, हे महादेवरावच, सोता आणणार होते. नाई आले. पब्लिक तंबू फाडाले उठलं."

"मग?"

"नियाजभाईनं कंदील मांगतला, कोऱ्या कापडापुढं उभा राह्यला अन् शेवट तोंडानंच सांगून टाकला. लोकं ढसाढसा रडले. मी पेटी उचलून घरी गेलो, तो मांगं राह्यला. ते चित्र गावात पुन्हा लागलंच नाई."

"त्याले शेवट मालूम होता?"

"कायचा मालूम? मनचाच बनवला."

"काय बनवला?"

"जुनं चित्र आधी पाहा साहेब. मंग मले विचारा."

पाहायला अडचण नव्हती. त्याच कथेचं नवं बोलतं चित्र महादेवरावांच्या टॉकीजला चालू होतं, आणि जुन्याच्या रिळांची पेटी मुंबईहून येऊन पडली होती. 'नवं पाहिलं, आता जुनं पाहा, मग ठरवा' अशी जाहिरात गावभर लागली होती. पेटीचं सील अजून फुटलं नव्हतं.

महादेवरावांनी फौजदारांना गादीवर बसवलं, पान पुढं केलं.

"नियाज गेला त्या संध्याकाळी तुमी कुठं होते?"

"अकोल्यात. दुपारचा खेळ पाहत बसलो शेवटवर, अन् गाडी चुकली. डबा माह्यापाशीच राह्यला. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"एवढं चांगलं होतं चित्र?"

महादेवराव खुलले. "आताचं पाह्यलं ना तुमी? नुसती बडबड. गोळ्या सुटल्या का कान फुटते. घोडा शेवटी ठणठणीत. जुन्यात कसं? घोडा मरते. घोडेस्वार आपल्या अंगावरचं घोंगडं काढते, त्याच्यावर पांघरते, अन् पायी चालाले लागते. माह्या डोळ्यांनी पाह्यलं मी. आजबी झोपेत दिसते."

त्यांचा आवाज कापत होता. सोंग नव्हतं ते. देवीदासांनी पान तसंच तबकात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी टॉकीजचे दरवाजे लावून घेतले. रिकाम्या खुर्च्यांत चारच माणसं बसली: फौजदार, ताहेर, रहिमाबी आणि मालक. सील फोडून जुनं चित्र सुरू झालं.

ना पेटी, ना भोंगा. गोरी माणसं ओठ हलवत होती आणि यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. नव्या चित्रात कान किटले होते, इथं ही शांतता अंगावर येत होती. चौघांचीही नजर सारखी पडद्याशेजारच्या मोकळ्या जागेकडं जायची. तिथं कुणीतरी श्वास घेऊन बोलायला सुरुवात करील असं वाटायचं.

शेवटचं रीळ लागलं. घोडा गोळी लागून कोसळला. मग उठला, धूळ झटकली, आणि घोडेस्वाराला घेऊन डोंगराआड गेला. दिवे लागले.

"रीळ बदललं कोणीतरी," महादेवराव उभे राहिले. "हे ते चित्र नोहे."

"तेच हाय," देवीदास म्हणाले. "ज्यानं अकोल्यात शेवट पाह्यला, त्याले घोडा जिता दिसला. मेला घोडा कोणत्याच रिळात नाई. तो एकाच जागी मेला. ताहेर, सांग आता."

"इथं," ताहेर म्हणाला. "कोऱ्या कापडापुढं. नियाजभाईनं अंगावरचं घोंगडं काढून जमिनीवर पसरलं. तिथं काईच नोतं साहेब, पण साऱ्याईले घोडा दिसला."

"कोणाच्या तोंडून आयकलं असंल मी," महादेवराव पुटपुटले.

"आयकलं असतं त आयकलं म्हटलं असतं. चित्र पाहत बसलो म्हणून गाडी चुकली, हेच त तुमचं सांगणं. अन् चित्र त तुमी पाह्यलंच नाई. बाहेर थांबून यंत्रावरून उतरल्याबरोबर रीळ घेतलं, मोटार केली, इथं आले, अन् घोडा मरताना पाह्यला तो इथंच. अन् मयताले घोंगड्यात गुंडाळलं तुमी, घोड्यावर घातलं तसं. मंग कोणी खणू नये म्हणून जागा घेऊन टॉकीज बांधली. सरकारी नाली तेवढी तुमच्या हातात नोती."

महादेवराव परत खुर्चीत बसले.

"जीव तोडून आलो मी," ते म्हणाले. "बगलेत डबा. अन् पब्लिक कोऱ्या कापडाले टाळ्या देऊन राह्यलं. मीबी रडलो, अंधारात उभा राहून. सारे गेल्यावर त्याच्यापुढं गेलो. तो हासला. म्हणे, मालक, ठेवा तो डबा, आता कोणाले पायजे? त्याच डब्यानं मारलं. एकदाच. मंग ऊठ, ऊठ म्हटलं त्याले, लई वेळ म्हटलं."

शिपायानं त्यांच्या दंडाला धरलं. रहिमाबी वाटेत आडवी झाली, तसा शिपाई थांबला.

"घोंगडं कोणं घातलं त्याच्यावर? तुमीच?"

महादेवरावांनी मान डोलावली.

"सारं आंग झाकलं होतं?"

"हो."

ती खाली बसली आणि हातातली पहिली बांगडी सोडवायला लागली.

"थंडी लई होती," ती ताहेरला म्हणाली. "मले वाटे, उघडाच गेला असंल कुठं."