फांद्यांची रांग

पेइप्सी सरोवर गोठलं की गावातल्या प्रत्येक घरानं आपल्या अंगणातल्या फरच्या झाडाची एक फांदी तोडायची, तिला आपल्या घराच्या रंगाची लोकर बांधायची आणि बर्फात रोवायची. धुक्यात परतताना फांदी दिसली की तिचीच वाट धरायची, दुसऱ्या कशावर भरवसा ठेवायचा नाही. एकेकाळी एक्केचाळीस फांद्या असत. यंदा दोनच. हेल्मीची लाल आणि तिच्या धाकट्या भावाची, एल्मारची, तपकिरी.

"दोन फांद्यांची कसली वाट गं ताई? आपण गेलो की मासेच रोवतील," जाळं खांद्यावर टाकत एल्मार सकाळी म्हणाला होता.

"जीभ आवर मेल्या! आणि जेवायला वेळेवर ये."

बाराला धुकं उतरलं. एक वाजला, सूप निवलं. हेल्मीचा जीव थाऱ्यावर राहीना. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई. धावा करत बसणं तिला जमणारं नव्हतं. ती बर्फावर उतरली.

लाल फांदी. मग तपकिरी. तिथेच जाळं सोडायला बर्फात पाडलेलं भोक, शेजारी एल्मारचा डबा. आणि पुढे तिसरी फांदी.

तिला हिरवी लोकर होती. हिरवा रंग शेजारच्या साल्मेच्या घरचा, आणि साल्मेला पुरून सहा वर्षं झाली होती. फांदीचा चीक अजून ओला होता. पुढे पिवळी, मग निळी. एल्मारच्या बुटांचे ठसे त्यांच्या कडेकडेनं गेले होते. धुक्यात जी फांदी आधी दिसली, ती बिचाऱ्यानं धरली!

रांग दक्षिणेला वळली तशी हेल्मी थबकली. सरोवरानं गिळलेलं जुनं गाव तिथेच पाण्याखाली होतं. त्याचा नकाशा तिनंच पोरांसाठी काढला होता. फांद्या त्याच क्रमानं होत्या, घरामागून घर.

"एल्मार! अरे, ओ दे रे!"

शेवटच्या फांदीशी ठसे संपले. भोक नाही, तडा नाही. बर्फ हातभर जाड.

तिनं कान टेकला.

खाली चमचे वाजत होते. पुष्कळ माणसं जेवायला बसली असावीत, तसे.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातले लोक शोधायला आले. तेव्हा बर्फावर फक्त लाल फांदी होती.

पुढच्या हिवाळ्यात हेल्मीनं फांदी रोवली नाही. कुणासाठी रोवायची? पहिल्या धुक्याच्या सकाळी ती सरपण आणायला अंगणात गेली. फरवर फांदी तोडल्याची ताजी खूण होती. ती धावत घरात आली. टोपलीतला लाल लोकरीचा गुंडा उलगडत उंबऱ्यापर्यंत गेला होता. धागा दाराखालून बाहेर गेलेला, आणि ताणलेला होता.