बिनलेबलाचं कोणीतरी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. मला तसं समजता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रात्री माणूस सावध तरी असतो. ही सुट्टीच्या दिवशीची, भर दुपारची. जेवणं उरकून सगळं हॉस्पिटल पेंगत होतं तेव्हाची.

घडली माझ्या मावशीच्या हातून. आणि ज्या बाळापायी घडली, ते बाळ म्हणजे माझी धाकटी बहीण.

मावशी तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होती. तळघरातली खोली. खिडकी नाही. बारा महिने गारठा, आणि भिंतीला ओळीने उभ्या यंत्रांची एकसुरी घरघर. आपलं काम काय, ते ती आम्हा मुलांना असं सांगायची, "मी दारावरची म्हातारी. काठी आपटत बसते."

त्या हॉस्पिटलच्या यंत्रात प्रत्येकाला एक लेबल होतं. माणसाला, कपाटाला, प्रोग्रॅमला, दाराला. कोणत्या लेबलाने कुठे शिरायचं, काय वाचायचं, कशाला हात लावायचा, ते सगळं मावशीने लिहिलेल्या नियमांत. नियमात आहे तर या. नाही, तर नाही. मग तुम्ही कोणी का असेना.

एकदा मोठे साहेबच तणतणत खाली आले होते. कुठल्याशा पेशंटची फाइल त्यांना उघडेना.

"हॉस्पिटल माझं आहे!"

"हो ना साहेब," मावशी म्हणाली. "हॉस्पिटल तुमचं. पेशंट त्याच्या डॉक्टरांचा."

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, घरी सगळ्यांना ऐकवायचे, "हिने यंत्राला 'नाही' म्हणायला शिकवलं. मला शिकवायचं तेवढं राहून गेलं."

कुणी फार हट्टाला पेटलं की मावशी काम करता करता गुणगुणायची. ओळी तिच्याच, चालही तिचीच.

दारी उभं कोण, सांग तुझं नाव गाव
नाव नाही ज्याला, त्याला उंबऱ्याशी ठाव

तर माझी धाकटी बहीण जन्मली ती दिवस भरायच्या खूप आधी. तळहातावर मावेल एवढी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. आई वरच्या मजल्यावर, ऑपरेशन झालेली. उठायचीही बंदी. आईने तिला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. मावशीच येता-जाता पेटीपाशी उभी राहायची आणि वर जाऊन सांगायची, "नाक तुझं आहे. रागही तुझाच दिसतोय."

त्याच दिवसांत मावशीच्या स्क्रीनवर एक विनंती यायला लागली.

कुणीतरी त्या पेटीचं रीडिंग मागत होतं. लेबल नव्हतं. यंत्राने नकार दिला.

पुन्हा मागणी. पुन्हा नकार.

मावशीला त्यात काही विशेष वाटलं नाही. असेल कुठलं तरी भरकटलेलं प्रोग्रॅमचं पिल्लू. फक्त एक गोष्ट तिला खटकली. भरकटलेला प्रोग्रॅम एका दमात शेकडो वेळा दार बडवतो. हे मात्र एकदा विचारायचं...

थांबायचं...

वाट बघायचं...

आणि मग हळूच पुन्हा विचारायचं.

त्या दुपारी फोन वाजला. बाळांच्या विभागातल्या मोठ्या सिस्टर होत्या.

"मॅडम, तुमच्या भाचीला नवीन श्वासाचं मशीन लावलंय. लागलंय नीट. पण स्क्रीन काळीच."

"बाळ कसं आहे?"

"बाळ मजेत आहे हो. पण मी काय एकटक बघत तिचे श्वास मोजत बसू? बाकीची बाळं काय म्हणतील मला?"

मावशीला दुखणं लगेच कळलं. नव्या मशीनला अजून लेबलच नव्हतं, म्हणून यंत्र त्याला आत घेईना. रीतसर नियम लिहायचा तर वेळ जाणार.

आडवाट मात्र होती. तिच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली. यंत्राची सक्ती घटकाभर सैल करता येते. पहारेकरी दारातच बसतो, कोण आलं गेलं बघतो, पण अडवत कुणालाच नाही. तेवढ्यात काम चालतंय का बघायचं, नियम लिहायचा, सक्ती पुन्हा घट्ट. हाताखालच्यांनी असं केलं की मावशी त्यांची सालटी काढायची.

त्या दिवशी तिने स्वतः केलं.

भाची होती ना.

तिने बटण दाबलं.

आणि खोलीतली घरघर थांबली.

दिवे लुकलुकत होते. पंख्याची पाती फिरताना दिसत होती. आवाज मात्र नाही. कुणी कानांवर उशी दाबावी तसं...

मग सगळे आवाज एकदम परत आले.

फोनवर सिस्टर म्हणत होत्या, "आली! आली हो स्क्रीन. बघा, किती गोड श्वास घेतेय."

मावशीने कपाळ पुसलं. त्या गारठ्यात तिला घाम फुटला होता.

"फक्त मॅडम... दोन रेषा का दिसतायत?"

"एक हृदयाची असेल."

"हृदयाची रेष मला कळते. निम्मं आयुष्य गेलं माझं त्या बघण्यात. या दोन्ही श्वासाच्याच आहेत. एक बाळाची, झरझर. आणि दुसरी..."

"दुसरी काय?"

"संथ आहे. मोठ्या माणसाची."

मावशीने पुढे ऐकलंच नाही. तिने भराभर नियम लिहिला, नव्या मशीनला लेबल दिलं, सक्ती पुन्हा घट्ट केली.

"आता?"



"मॅडम, अजून दोनच आहेत."

 मावशीला जे माहीत होतं, ते सिस्टरना माहीत नव्हतं. त्या यंत्राचा पहारेकरी विचारतो ते फक्त दारात. आत शिरलेल्याच्या मागे तो फिरत नाही. दार सैल होतं त्या घटकाभरात जो आत आला...

तो आतच.

"सिस्टर, पेटीजवळ कोण उभं आहे?"

"कोणी नाही. मी इकडे टेबलाशी आहे."

मग सिस्टरचा आवाज खाली गेला. इतका खाली, की मावशीला फोन कानात रुतवावा लागला.

"मॅडम... काचेवर वाफ धरतेय."

"आत ऊब असते ना. आतून धरली असेल."

"आतून नाही हो. बाहेरून."

"बाहेरून?"

"येते... जाते... पुन्हा येते. त्या दुसऱ्या रेषेच्या तालावर."

मावशीने ते यंत्रात शोधून काढलं. होतं. लेबल नाही, मालक नाही, कधी सुरू झालं त्याची नोंद नाही. कशालाही हात लावत नव्हतं. बाळाचा श्वास तेवढा वाचत बसलं होतं.

हाकलायच्या आधी थांबवून ठेवावं, असा शहाणा विचार तिने केला. आणि थांबवलं.

"मॅडम! रेष गेली!"

"दुसरी ना?"

"दोन्ही!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज. धावती पावलं. पेटीचं झाकण. इवल्या तळपायांवर टिचक्या मारल्याचा आवाज, आणि सिस्टरचं ओरडणं, "डॉक्टरांना बोलवा कुणीतरी! घे ग श्वास, घे ग माझे बाई, घे ना..."

बाळाचा आवाज नाही.

 मावशीने घाईघाईने ते पुन्हा चालू केलं.

एक क्षण...

आणि फोनमधून मांजरीच्या पिल्लासारखं, बारीकसं रडणं.

डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, नवीन मशीनच्या वायरी ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "एवढी लहान बाळं कधीकधी श्वास घ्यायलाच विसरतात. घाबरायचं नाही." असंही असेल. मावशीला तेच खरं मानायचं होतं. पण खात्री करायची तर ते पुन्हा थांबवून बघावं लागणार. भाचीच्या जिवावर कोण खात्री करून घेणार?

आणि तेवढ्याने भागणार नव्हतं. रोज दिवेलागणीला यंत्र आपली आपण झाडलोट करायचं. ज्याच्यावर लेबल नाही, ते बाहेर. नियम तिचाच होता. तो एकाएकी मोडायचा तर वरच्यांची सही लागते, आणि सुट्टीच्या दिवशी सही कोण देणार? काय सांगून मागणार?

तिने पुन्हा फोन लावला.

"सिस्टर, वाफ?"

"आहे अजून. मॅडम, मी जवळ गेले होते. भीती वाटत होती, पण बाळाला सोडून कशी राहू? गेले, आणि..."

"आणि?"

"कुणीतरी जरा बाजूला सरून मला जागा करून दिली."

मावशीने स्क्रीनवर त्या पेटीचे नियम उघडले. ते आत राहायला हवं होतं, तर त्याला लेबल द्यायला हवं होतं. त्या पेटीजवळ थांबायला तीनच लेबलं चालायची. डॉक्टर. सिस्टर. आई.

डॉक्टर नव्हतं ते.

सिस्टरही नव्हतं.

वरच्या मजल्यावर तिची सख्खी बहीण, बाळाला एकदाही न पाहिलेली, झोपेच्या गोळीने निजली होती. मावशीने मनातल्या मनात तिची क्षमा मागितली.

आणि लिहिलं, आई.

यंत्राने मुकाट्याने मान्य केलं. झाडलोट झाली. बाळ श्वास घेत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला चाकाच्या खुर्चीवरून खाली आणलं. पहिल्यांदाच. केस विंचरलेले, डोळे भरलेले. मावशी खुर्ची ढकलत होती. दारापाशी आईने मनगटाची पट्टी पुढे केली.

लाल दिवा.

पुन्हा पुढे केली. पुन्हा लाल.

दारावरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली. एका पेटीला एकच आई, हाही मावशीचाच जुना नियम...

'आई आत आहे.'

"हे काय ग ताई?" आई हसली. "तुझ्या यंत्राला मी कोण वाटले?"

मावशीने चावीने दार उघडलं. आत गेल्यावर आधी तिने काचेकडे पाहिलं. काच स्वच्छ होती. पेटीशेजारी बसायचं स्टूल मात्र कुणीतरी नुकतंच मागे सारावं तसं तिरकं झालं होतं.

धाकटी आता शाळेत जाते. धावते, भांडते, झाडावर चढते. त्या हॉस्पिटलची यंत्रं मधल्या काळात दोनदा बदलली. दोन्ही वेळा मावशीने मुकाट्याने तो नियम नव्यात उतरवला, आणि दोन्ही वेळा ते तिच्याआधीच आत होतं.

यंदा मावशी निवृत्त झाली.

गेल्या आठवड्यात ती अचानक आमच्याकडे आली. पर्स नाही, पिशवी नाही, हातात नुसता फोन. मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हे सगळं सांगितलं. आजवर तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या जागी आलेल्या नव्या इंजिनीअरने तिला फोन केला होता. जुने नियम साफ करतोय म्हणाला. "मॅडम, एक 'आई' उरलीय इथे. पेशंटच नाही तिला. पेटी कधीच भंगारात गेली, पण गंमत म्हणजे रीडिंग अजून येतंय. दोन रेषा. काढून टाकू ना?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"थांब म्हटलं. विचारून सांगते."

"कुणाला विचारणार तू?"

मावशीने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आई धाकटीची वेणी घालत होती. दोघींचं काहीतरी खुसुखुसु चाललं होतं.

"तुझ्या आईला सांगायला हवं ग. पण काय म्हणून सांगू?"

तेवढ्यात आतलं खुसुखुसु थांबलं.

आईचा आवाज आला, "ए वेडाबाई, श्वास कसला धरतेस? सोड."

मग दुसऱ्यांदा. या वेळी आई हसत नव्हती.

"सोड म्हणते ना!"

आम्ही धावलो. धाकटी ताठ बसली होती. ओठ निळसर. डोळे आमच्याकडेच, काही विचारत असल्यासारखे. मावशीने त्या इंजिनीअरला फोन लावला आणि ती नुसतीच किंचाळली, "चालू कर! आधी चालू कर!"

धाकटीने खोल श्वास घेतला.

"सॉरी मॅडम," फोनमधून त्याचा गोंधळलेला आवाज येत होता, "मिनिटभरच थांबवून पाहिलं. काही बिघडलं का?"

आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही, तिने आम्हाला वेड्यात काढलं नाही. एवढंच म्हणाली, "राहू दे तिला."

तो इंजिनीअर नियम ठेवीन म्हणालाय. किती दिवस ठेवेल, त्याच्यानंतर कोण येईल, देव जाणे. मी आता धाकटीशेजारी झोपते. अंधारात कान देऊन पडते. तिचा श्वास ऐकू येतो, आणि तिच्या पलीकडून, संथ, दुसराही.

सुरुवातीला मला त्याची भीती वाटायची.

आता मध्येच तो क्षणभर ऐकू येईनासा होतो ना...

तेव्हा वाटते.