बेवारस मोजा आणि निळं गटार

"उद्या सकाळी प्लंबर येईल आणि तुमच्या लाँड्रीचा नळ बंद करून जाईल! विषय संपला!" सेक्रेटरीकाकांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र पँटवरून हात फिरवला आणि ते जायला वळले.

"अहो, थांबा! विषय तुम्ही काढलात, संपवणार मी!" आत्याने इस्त्री उभी केली. "ती पँट कुणी धुतली? याच नळाच्या पाण्यानं ना? मग ठेवा काढून इथंच, आणि जा तसेच घरी!"

इस्त्रीच्या लांब टेबलाखाली बसलेल्या तिघांनी हसू दाबायला तोंडावर हात धरले. सेक्रेटरीकाका मात्र पँटसकट निघून गेले.

हसू फार वेळ टिकलं नाही. नळ बंद म्हणजे लाँड्री बंद, हे तिघांनाही कळत होतं. महिनाभर इमारतीत रोज दुपारी पाण्याची बोंब होती. पाणी रात्री अंगणातल्या खालच्या टाकीत यायचं, सकाळी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढायचं, ती संपली की दुपारी पुन्हा, आणि तिथून घरोघरी उतरायचं. आत्याची लाँड्री तेवढी खालच्या टाकीतून पाणी घ्यायची. दुपारी खालची टाकी कोरडी दिसली, की सगळ्यांची बोटं लाँड्रीकडे वळायची. बोट दाखवायला काही कष्ट पडत नाहीत ना!

टेबलाखाली पहिली होती भिंगरी. आत्याची भाची. राहायची वरच्या मजल्यावर, पण सुट्टी लागली की मुक्काम लाँड्रीत. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. बसली तरी पाय हलत राहायचे. दुसरा दादोबा, आत्याचा धाकटा. वय जेमतेम नऊ, बोलणं साठीच्या माणसाचं. तिसरी चष्मिस, भिंगरीच्या वर्गातली, हिशेबात पक्की. आणि पंचाईत अशी, की सेक्रेटरीकाकांचीच मुलगी!

"आपलं उदाहरण!" भिंगरी एकदम उसळली आणि तिचं डोकं टेबलाला धाडकन आपटलं. "आई गं! आपलं उदाहरण सापडलं!"

उदाहरणाची गोष्ट अशी. सुट्टीच्या आदल्या दिवशी गणिताच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं: एका टाकीत एका नळाने पाणी येते, दुसऱ्याने जाते, तर टाकी किती वेळात भरेल? भिंगरीला राहवलं नाही. "बाई, पण असली टाकी कुठल्या मूर्खानं बांधली? आधी तो दुसरा नळ बंद करा की!" सगळा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. सुट्टीत पुस्तकातलं एकही उदाहरण सोडवू नका. आपल्या गल्लीतलं एक खरं उदाहरण शोधून आणा. ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नाही, मला माहीत नाही, आणि जे सुटलं नाही तर कुणाचं तरी अडेल असं!"

तेव्हापासून तिघं गल्लीभर हुंदडत होती. आणि खरं उदाहरण डोक्यावर इस्त्री करत होतं!

"बाबा खोटं नाही बोलत," चष्मिस हळूच म्हणाली. "दुपारी टाकी रिकामी असते. मी पाहिलीय."

"म्हणजे माझी आत्या खोटं बोलते?" भिंगरीचे पाय थांबले.

"असं कुठे म्हटलं मी? पाणी जातं हे खरं. कुठे जातं ते आधीच ठरवायचं नाही. मोजायचं!"

"आमच्या वेळी पोरी एवढं भांडत नव्हत्या," दादोबा मान हलवत म्हणाला. "चला, वॉचमनकाकांना विचारू."

वॉचमनकाका पंपाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. पंप चालवायचं काम त्यांचंच.

"काका, सकाळी पंप बंद करता तेव्हा खालच्या टाकीत किती पाणी उरतं?" भिंगरीने धापा टाकत विचारलं.

"उरतं कसलं! पंप खडखडायला लागला की बंद करतो. तेव्हा तळच दिसतो. चार बादल्या राहतात, त्यावर लाँड्री कशीबशी चालते."

"आणि लाँड्री कधी उघडते?"

"ती काय, नऊला."

"पंप चालतो सकाळी सातला! मग आत्यानं टाकीभर पाणी घेतलं कधी? झोपेत?"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं बुवा! पण सेक्रेटरीसाहेब म्हणतील, रात्री घेत असेल."

"घेईल कशी! रात्री आई घोरते," दादोबाने साक्ष दिली.

"पूर्वी बरं होतं," काका पुढे सांगू लागले. "वरची टाकी भरली, की जास्तीचं पाणी पाइपातून या फरशीवर धबाधबा पडायचं. पडलं की मी बटण बंद करायचो. बसल्या जागी कळायचं! मी गावाहून सुट्टी संपवून आलो, तेव्हापासून एक थेंब पडलेला नाही. टाकी भरतच नाही ना आता!"

"म्हणजे खालचं सगळं पाणी वर जातं, तरी वरची टाकी भरत नाही?" चष्मिसने चष्मा वर सरकवला. "वरची टाकी एवढी मोठी आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खालची टाकी लगेच मोजली गेली. लांबीरुंदी आत्याच्या कपडे वाळवायच्या दोरीने, खोली बांबूने, आणि झाकण उघडलं तेव्हा काका तिघांच्या कॉलरी घट्ट धरून उभे! वरची मोजायला गच्चीची किल्ली हवी होती. ती चष्मिसच्या घरी, दाराआडच्या खिळ्याला.

"आई, शाळेचं काम आहे!" चष्मिसने आईला सांगितलं, आणि ते खोटं मुळीच नव्हतं.

गच्चीवर पाऊल टाकताच ऊन तळपायांना चावलं. भिंगरी या पायावरून त्या पायावर नाचत दोरी धरत होती, दादोबा "ताणून धर, बाळ!" असा उपदेश करत होता, आणि चष्मिस खडूने जमिनीवरच गुणाकार मांडत होती. एकदा मांडला, पुसला, पुन्हा मांडला.

"काय गं? बोल ना लवकर!"

"खालच्या टाकीतलं पाणी मावायला असल्या दोन टाक्या हव्यात," चष्मिस सावकाश म्हणाली. "इथे एकच आहे."

"मग उरलेलं पाणी जातं कुठे?"

उत्तर शोधायला भिंगरी टाकीला गोल गोल फिरू लागली. दुसऱ्याच फेरीत ती अडखळली. टाकीच्या गळ्यापासून एक पाइप निघाला होता. जुना, गंजका. पण पुढे त्याला नवाकोरा तुकडा जोडलेला! तो तुकडा गच्चीच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाच्या तोंडात उतरत होता.

"पाणी फरशीवर पडणार कसं?" भिंगरी ओरडली. "ते परस्पर गटारात जातंय! आणि काका खाली फरशीकडे बघत बसलेत!"

तिघं धाड धाड जिने उतरली आणि थेट सेक्रेटरीकाकांसमोर उभी राहिली.

"तो पाइप मीच जोडून घेतला!" सेक्रेटरीकाका ऐटीत म्हणाले. "भिंतीला एवढा नवा रंग दिला. त्यावर पाण्याचे ओघळ कोण खपवून घेणार?"

"पण बाबा, टाकी भरली हे वॉचमनकाकांना कळणार कसं?"

"कळतं त्याला!"

"कसं कळतं?"

"कसं म्हणजे? त्याचं कामच आहे ते! आता मोठ्यांना शिकवू नका. प्लंबर उद्या येणार म्हणजे येणार!"

चष्मिसने चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी लाँड्रीत फळीवर गठ्ठे रचलेले होते. त्यात गणिताच्या बाईंचाही होता, उद्या न्यायचा. आत्या एकाच कॉलरवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती. मुलांचं बोलणं तिने ऐकून घेतलं होतं. "मी कुणाच्या दारात विनवण्या करायला जाणार नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं या मशीनवर घर चाललं. कुणाचा रुमाल इकडचा तिकडे झाला नाही, आणि आज मी पाणीचोर?" तिचा आवाज नेहमीसारखा कडक होता. हात मात्र मशीनच्या झाकणावर ठेवलेला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. भिंगरीला ते बघवेना.

तेवढ्यात दादोबाचा धक्का लागून निळीची पुडी कलंडली.

"कार्ट्या! चिमूटभर सांडली तरी अख्खी बादली निळी होते, ठाऊक आहे ना?"

भिंगरी जागच्या जागी थांबली. ती थांबली म्हणजे काहीतरी शिजलं असणार!

"आत्या, एक पुडी दे ना! आणि बेवारस मोज्यांच्या खोक्यातला एक मोजा!"

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "कुणाचे कपडे खराब होणार नाहीत ना?"

"बहुतेक नाही!"

"घे."

सकाळी पंपाने घूं घूं सुरू केली, तेव्हा भिंगरी आणि चष्मिस गच्चीवर होत्या. निळीने भरलेला मोजा दोरीने बांधून तयार.

"टाकीत नाही हं!" चष्मिसने बजावलं. "ते पाणी लोक पितात. तो नवा तुकडा जिथे उतरतो ना, त्या तोंडाशी लटकव."

भिंगरीने मोजा लटकवला आणि पाइपाला कान लावला. काहीच नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली. कठड्याकडे धावली तर चष्मिसने फ्रॉक मागे ओढला. अंगणात प्लंबर पोचला होता! खांद्यावर पिशवी, हातात भलामोठा पाना. लाँड्रीच्या दारात आत्या कमरेला पदर खोचून उभी.

"हात लावून तर बघ माझ्या नळाला!"

"मला कशाला रागावता, मावशी? साहेबांनी बोलावलं, मी आलो!"

"बाजूला व्हा!" सेक्रेटरीकाका. पँट पुन्हा पांढरीशुभ्र.

"आत्या, थोडा वेळ थोपवून धर त्यांना!" भिंगरी पुटपुटली. आणि पाइप बोलला! आधी गुळगुळ, मग खळखळ, मग धो धो! मोजा पाण्यात गरागरा फिरू लागला.

दोघी जिन्याच्या पायऱ्या उड्या मारत उतरत होत्या, तोवर फाटकाबाहेरून दादोबाची आरोळी आली. "आलं! आलं! निळं आलं!"

सगळे रस्त्याकडे धावले. एरवी गटारात पाणी वाहताना कुणाचं लक्ष जातं? पण आज ते शाईसारखं निळंशार होतं, आणि थांबायचं नाव घेत नव्हतं!

"हे आपल्या टाकीतलं पाणी आहे!" भिंगरीला धाप लागली होती. "रोज सकाळी असंच जातं! काल रंग नव्हता, म्हणून दिसलं नाही!"

"काहीतरीच! बघू दे मला!" सेक्रेटरीकाका गटारावरच्या फळीवर चढून वाकले. फळी ओली होती. सर्रकन पाय घसरला आणि पांढरी पँट गुडघ्यापर्यंत निळी झाली!

"अहो साहेब, हे पाणी तर माझ्या फरशीवर पडायचं!" वॉचमनकाकांनी कपाळाला हात लावला.

"ते मी वळवलं! तू गावाला होतास तेव्हा!"

"मग मला कुणी सांगितलं?"

"तू फरशीकडे बघून पंप बंद करतोस, हे तरी मला कुणी सांगितलं?"

निळं पाणी वाहतच होतं.

"अहो, भांडा नंतर! आधी पंप बंद करा!" भिंगरी किंचाळली, तेव्हा कुठे वॉचमनकाका धावले.

पंप थांबला. चष्मिसने बांबू नेऊन खालच्या टाकीत सोडला. महिन्याभरात पहिल्यांदाच बांबू जवळजवळ अर्ध्यापर्यंत भिजून बाहेर आला. भिजलेला बांबू तिने बाबांसमोर नुसता उभा धरला.

सेक्रेटरीकाकांनी बांबूकडे पाहिलं, मग मुलीकडे. "काल तू विचारलंस, कसं कळतं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला," ते म्हणाले. "चुकलंच माझं. शाबास, पोरांनो!" आणि ते आत्याकडे वळले. "ताई, तुम्हाला काय तोंड दाखवू?"

"तोंड राहू द्या, पँट द्या इकडे," आत्या म्हणाली. "डाग माझ्या भाचीनं पाडलाय, काढायला मलाच हवा. पण त्याला नळ लागेल मला!"

सगळे हसले. प्लंबरने पाना उचलला आणि लाँड्रीकडे ढुंकूनही न बघता तो गच्चीचा जिना चढू लागला.

एवढ्यात गणिताच्या बाई कपड्यांचा गठ्ठा न्यायला आल्या. निळं गटार, निळी पँट आणि दोरी-बांबू घेतलेली तीन मुलं बघून त्या फाटकातच थबकल्या. मग तिघांनी एकाच वेळी बोलत, एकमेकांना ढकलत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या फळ्यावरची टाकी तुम्हाला खरोखर सापडली!" बाई म्हणाल्या. "शाळा उघडली, की पहिला तास या अंगणात. सगळ्या वर्गासमोर तुम्ही तिघांनी मोजून दाखवायचं. पण भिंगरी, वर्गात तू मला विचारलं होतंस, असली टाकी कुठल्या मूर्खानं बांधली? मिळालं का उत्तर?"

भिंगरीने सेक्रेटरीकाकांकडे पाहिलं. त्यांनी निळा पाय मागे घेतला. वॉचमनकाकांकडे पाहिलं. ते टोपी चाचपू लागले.

"एकट्यानं नाही बांधली, बाई," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून बांधली. फक्त एकानं दुसऱ्याला सांगितलं नाही."

"नवा तुकडा काढला!" वरून प्लंबरची हाक आली. वॉचमनकाकांनी बटण दाबलं. सगळे मान वर करून उभे राहिले. घूं घूं... घूं घूं... आणि धबाक्! पाणी फरशीवर कोसळलं, नव्या रंगावर लांबलचक ओघळ उठला. सेक्रेटरीकाकांनी डोळे गच्च मिटून घेतले. वॉचमनकाकांनी टाळी वाजवून बटण बंद केलं.

आणि लाँड्रीच्या दारातून, किती दिवसांनी, आत्याच्या मशीनची घरघर निवांत ऐकू येऊ लागली.